अन्न साठवावं, पण कुणासाठी?

आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, भृगुवल्ली, अनुवाक ७ ते १०.

भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय असं विचारतो. वडील सांगतात, तप कर आणि शोध. त्याला आधी कळतं की अन्न हेच ब्रह्म. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. इथं गोष्ट संपली असं वाटतं. पण उपनिषद आनंदापर्यंत जाऊन पुन्हा अन्नावर येतं आणि चार व्रतं सांगतं. अन्नाला नावं ठेवू नयेत. अन्न टाकून देऊ नये. अन्न भरपूर करावं. आणि चौथं, आसऱ्याला घरी आलेल्या कुणालाही नाकारू नये.

मला तिसरं व्रत फार आवडायचं. भरपूर करावं! साठवायला थेट शास्त्राचीच परवानगी. चौथ्यावर मी कधी थांबलोच नव्हतो. ते कसं कळलं, ते आज लिहितो. थोडी लाज वाटते, पण लिहितो.

आमच्या मुरुडला चैत्र-वैशाखात प्रत्येक गच्चीवर ज्वारी, गहू, हरभरा वाळत असतो. वर्षाचं धान्य भरायची ही जुनी रीत. आपल्या मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. आजी १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी सांगायची. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तर आपणच पाहिलंय. अशा गावात कोठी भरून ठेवणं ही हाव नाही, शहाणपण आहे.

गेल्या वर्षी ते काम मी अंगावर घेतलं. एक्सेल शीट केली. माणसं पाच, रोजच्या भाकरी इतक्या, डाळ इतकी. २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली होती, ते डोक्यात होतं. म्हणून हिशोब निघाला त्याच्या दीडपट माल आणला. आई म्हणाली, “आरं, येवढं कशापायी आणायलास? आन् आधी ऊन तर दे त्याला.” मी म्हणालो, मशीन क्लीन माल आहे, गरज नाही. जुन्या पत्र्याच्या कोठीऐवजी प्लास्टिकचे मोठे ड्रम आणले आणि भरून टाकले.

आषाढात पाऊस लांबला, रानातली कामं थांबली. खुरपणीला जाणाऱ्या एक बाई दारात आल्या. दोन पायल्या ज्वारी उसनी मागत होत्या, हजेरी मिळाली की परत देते म्हणाल्या. आई बाहेर गेली होती. मी शीट उघडून बसलो होतो. तोंडातून सहज निघून गेलं, “सध्या नाही हो मावशी, आमचंच मोजकं आहे.”

मोजकं! आत तीन ड्रम भरलेले होते.

श्रावणात ड्रम उघडला तर वाफ आल्यासारखा कुबट वास. ज्वारीत सोंडे, अख्ख्या मुगात आणि हरभऱ्यात भुंगे. डाळ तेवढी वाचली होती, कारण भुंगा अख्ख्या दाण्यात वाढतो. एकानं सांगितलं, विषारी गोळी टाक. आईनं उडवूनच लावलं. बरोबरच होतं तिचं. त्या गोळीच्या गॅसनं बंद घरात झोपलेली माणसं मेलेली आहेत, घरात ती कुणीही वापरू नये.

मग आईनं उरलेलं धान्य निवडलं, चाळलं आणि मला शिकवलं. दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली कटकन फुटला की वाळला. ऊन दिल्यावर लगेच भरायचं नाही, गार होऊ द्यायचं, नाहीतर आत घाम येतो. सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला थरात घालायचा. डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. कोठी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवायची.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली. पत्र्याच्या कोठीत धान्य वरून ओततात आणि खालच्या तोंडातून काढतात. म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर. माझ्या भाषेत क्यू. माझा ड्रम मात्र स्टॅक होता. वरून भरा, वरूनच काढा. तळाचं धान्य तळालाच राहून किडतं. कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसांनी कोठीला खाली तोंड ठेवलं होतं, आणि मी इंजिनिअर असून ते बंद केलं!

मन पण असंच आहे ना? वरून येत राहतं. खालचं तोंड बंद असेल तर तळाशी कीड लागते.

चांगली ज्वारी पिशवीत घेऊन मी त्या मावशींकडे गेलो. खरं ते सांगितलं, की तेव्हा होती, मीच नाही म्हणालो. त्यांनी पिशवी घेतली, बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, “दादा, तवा लागत होती.” त्यांनी तोवर दुसरीकडून चढ्या भावानं उसनी घेतली होती.

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी भुकेल्यांना उघडून दिली. धान्य बीदरच्या बादशहाचं, शिक्षा ठरलेली. मग विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला आणि रक्कम भरून आला. बीदर आपल्या लातूरच्या शेजारीच आहे. मी ही कथा नेहमी देवाच्या चमत्कारासाठी ऐकायचो. आता वेगळंच दिसतं. पंतांनी कोठार वेळेवर उघडलं. देव पैसे भरायला नंतर आला, पण गेलेली वेळ भरून देता येत नाही. ती माणसानंच सांभाळायची असते.

म्हणून तिसरं आणि चौथं व्रत लागोपाठ येतं असं मला वाटतं. भरपूर करा, कारण कुणीतरी येणार आहे. कोठी दारासाठी भरायची. आणि दार बंद ठेवलं की दुसरं व्रतही मोडतं, अन्न टाकावंच लागतं. माझी तिन्ही एकाच पावसाळ्यात मोडली.

आजचा नेम : यंदा धान्य भरताना पहिल्या दोन पायल्या वेगळ्या डब्यात काढा. त्या हिशोबात धरू नका. आमच्या शीटमध्ये आता एक ओळ वाढली आहे, ‘येणाऱ्याचं’. आणि कुणी मागायला आलं तर आधी कोठी बघा, मग तोंड उघडा.

पांडुरंगा, कोठी भरलेली असू दे. आणि तिचं खालचं तोंड उघडं राहू दे.

राम कृष्ण हरि.