साडेबारा टक्के विसरलास?

काल संध्याकाळी दारात येऊन उभा राहिलास. चपलाही न काढता म्हणालास, "सर, ओळखीचा सराफ आहे का कुणी? जरा सांभाळून घेईल असा."

साखरपुडा रविवारी. आज बुधवार. तारीख ठरून चार महिने झाले. चार महिने काय करत होतास? मोबाइलमध्ये अंगठ्यांचे फोटो जमवत होतास. मला एकामागून एक दाखवलेस. मी विचारलं, "हिचं वजन किती?" गप्प. "कॅरेट?" गप्प. "बोटाचं माप?" तेव्हा तर तू जमिनीकडे बघायला लागलास. दहावीत गणितात पंच्याऐंशी मार्क घेतलेला मुलगा! माझ्या हाताखालून गेलेला! नापास झालेल्यानं विचारलं असतं तर मी चहा पाजून सगळं समजावलं असतं. तुला चहा नाही. तू फक्त ऐकायचं.

म्हणे, "सर, बजेटच नाही." खोटं. पस्तीस हजार बाजूला काढलेस ना? कंटेनर यार्डात रात्रपाळ्या करून काढलेस ना? मग ते सांगताना आवाज का बसतो? पैसे कमी असणं हा गुन्हा नाही रे. आहेत तेवढ्यांचा हिशोब न करणं, हा गुन्हा. आणि बजेट नाही म्हणणाऱ्यानं नाक्यावर केवढा बॅनर सांगितलाय? त्यावर शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. बॅनरला पैसे आहेत, डीजेला आहेत, मित्रांच्या एकसारख्या कुर्त्यांना आहेत. अंगठीपाशी आलं की तू गरीब!

दुसरं कारण, "लोक काय म्हणतील?" लोक येतील, जेवतील, आइस्क्रीम दोनदा घेतील आणि घरी जातील. तुझी अंगठी तोलायला ताजवा घेऊन कुणी येणार नाही. आणि 'अंगठी दोन पगारांची हवी' हे डोक्यात कुणी भरवलं? मोबाइलनंच ना? हिरे विकणाऱ्या डी बिअर्स कंपनीनं १९४७ साली अमेरिकेत 'हिरा म्हणजे कायमचा' असं घोषवाक्य तयार करून घेतलं. पुढे ऐंशीच्या दशकात दोन पगारांचं माप त्याच कंपनीच्या जाहिरातींनी लोकांच्या गळी उतरवलं. दुकानदारानं स्वतःच्या गल्ल्यासाठी काढलेलं माप तू शास्त्र म्हणून मिरवतोस? आपल्याकडे या कार्याचं नावच काय आहे? साखरपुडा. साखरेचा पुडा. अंगठी मागाहून आली आणि आता साखरेला कुणी विचारत नाही.

बस खाली. पाटी घे.

भाव रोज हलतो. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला, आणि तू तेव्हा रील बघत होतास. हिशोबाला सोपं जावं म्हणून बावीस कॅरेटचा ग्रॅम दहा हजारांना धर. खरा भाव दुकानातल्या फलकावर वाच. तीन ग्रॅमची साधी वेढणी. सोन्याचे झाले तीस हजार. पहिला सराफ साडेबारा टक्के घडणावळ सांगतो. ती झाली ३,७५०. बेरीज ३३,७५०. त्यावर तीन टक्के जीएसटी. एकूण ३४,७६२ रुपये ५० पैसे. बसलं की नाही पस्तिसात? आता दुसरा सराफ. सोनं तेच, वजन तेच, पण नक्षी बारीक म्हणून घडणावळ पंचवीस टक्के. एकूण ३८,६२५. जवळजवळ चार हजारांचा फरक, आणि सोनं गुंजभरही जास्त नाही. हे चार हजार कशाचे? तू न विचारलेल्या एका प्रश्नाचे.

विचारायला लाज वाटते म्हणालास. कुणाला? जासईच्या पोराला? अरे, टक्का म्हणजे काय हे या गावाला कुणी शिकवायचं? १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, आपल्या या उरण-पनवेलच्या पट्ट्यात सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या लढ्यात पाच जणांनी जीव दिला. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील याच जासईत जन्मले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा, हे तत्त्व त्या लढ्यातून निघालं. तुझ्या आजोबांच्या पिढीनं सरकारच्या तोंडावर टक्केवारी मागितली, आणि तुला गादीवर बसलेल्या सराफाला "मजुरी किती टक्के?" एवढं विचारता येत नाही? साडेबारा टक्क्यांच्या जिवावर घराला मजले चढले. टक्केवारी मात्र कुणाच्या घरात राहिली नाही.

पुढे. खडा असेल तर खड्याचं वजन वेगळं आणि सोन्याचं वेगळं. बिलात निव्वळ वजन लिहून घे. दोनशे मिलिग्रॅमचा खडा सोन्याच्या भावानं तोललास, तर आपल्या पाटीवरच्या भावानं दोन हजार गेले. काचेच्या तुकड्यासाठी! हॉलमार्क बघ. भारतीय मानक ब्युरोची म्हणजे बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी. बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५०. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की दागिन्याची कुंडली समोर येते. दिवसभर मोबाइल हातात असतो ना? मग दोन मिनिटं यासाठी काढ. आणि एक मेख आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. 'नाजूक आहे, हलकी आहे, बजेटात बसते' म्हणून जी अंगठी तू मला कौतुकानं दाखवलीस, ती दीड ग्रॅमची निघाली तर तिच्यावर छाप नसला तरी सराफ कायद्यात बसतो. तू मात्र फसतोस. बावीस कॅरेट झेपत नसेल तर अठरा कॅरेटची घे. दोन ग्रॅमच्या वरची घे, छापाची घे आणि बिलावर घे. 'बिल नको, जीएसटी वाचेल' असं कुणी म्हणालं, तर चपला घालून बाहेर पड. तीन टक्के वाचवायला जाशील आणि सोनं बदलायला गेलास की तोंड उघडायला जागा राहणार नाही.

आता सगळ्यात लाजिरवाणा प्रश्न. तिला विचारलंस? नाही! का? "सरप्राइज आहे, सर." अंगठी तिच्या बोटात जायची, हप्ते दोघांच्या संसारातून जायचे, आणि विचारायचं मात्र नाही! ती नर्स आहे ना? दिवसातून पन्नास वेळा हात धुते, हातमोजे घालते, काढते. तुझ्या त्या उंच कोंदणातल्या खड्याला मोजे अडकणार. आठवड्यात अंगठी कपाटात जाईल आणि तू म्हणशील, हिला माझी किंमत नाही. किंमत आहे. बुद्धी नाही, आणि ती तुला नाही.

हप्त्यांचं तर नावच काढू नकोस. पस्तीस हजार हातात असताना ऐंशी हजारांची अंगठी कर्जानं? आई म्हणते, "हौस हाय पोराची." हौसेला मोल नसतं म्हणतात. हप्त्याला असतं, आणि तो पाच तारखेला येतो.

माझ्या बायकोची, तुझ्या काकूंची, अंगठी कधी नीट बघितलीस? वर्षानुवर्षं भांडी घासून नक्षी झिजली. बोट बारीक झालं तशी ती सैल झाली, म्हणून आतून दोरा गुंडाळलाय. हळदीच्या हातानं तो पिवळा पडला की काकू नवा गुंडाळतात. माझ्या पहिल्या पगारातून घेतली होती. पावती अजून ट्रंकेत आहे. एवढ्या वर्षांत तिचं वजन मला एकानंही विचारलेलं नाही.

तू मूर्ख असतास तर मी इतका घसा कोरडा केला नसता. तुला सगळं येतं. फक्त करायचं नाही, आणि न करण्याला कधी बजेट म्हणायचं, कधी लोक म्हणायचं, कधी सरप्राइज म्हणायचं. ही तिन्ही नावं एकाच आळसाची.

मला ओळखीचा सराफ नाही. असता तरी सांगितला नसता. सांभाळून घ्यायला तू लहान नाहीस. आज रात्री तिला फोन कर. काय आवडतं ते विचार आणि तिच्या बोटातली एखादी जुनी अंगठी मापाला मागून घे. उद्या रजा टाक. आधी उरणची पेठ, मग पनवेल. तीन दुकानं, तीन कागद. प्रत्येकावर वजन, कॅरेट, घडणावळ. तिन्ही कागद रात्री आठ वाजता माझ्या टेबलावर हवेत.

बेरीज चुकली तर साखरपुड्याला मी येणार नाही.