जमले कोणाला?

डिसेंबर 1990. जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या अमेरिकन संस्थेच्या कामासाठी हनोईत उतरले, तेव्हा व्हिएतनामवरचे अमेरिकेचे आर्थिक निर्बंध उठले नव्हते आणि युद्धाच्या जखमाही ओल्याच होत्या. देशातली निम्म्याहून अधिक लहान मुले कुपोषित होती. बाहेरून धान्य आणि पैसा येई तोवर वजने वाढत. मदत थांबली की ती पुन्हा घसरत. सरकारी अधिकाऱ्याने स्टर्निन यांना स्पष्ट सांगितले, सहा महिन्यांत फरक दाखवा, नाहीतर परत जा.

कुपोषणाची कारणे तोपर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती. गरिबी, घाण पाणी, शौचालयांचा अभाव, आरोग्यसेवेची वानवा, शिक्षणाची कमतरता. यातले एकही चूक नव्हते, पण यातले एकही सहा महिन्यांत हटणारे नव्हते. ही उत्तरे खरी आहेत पण उपयोगाची नाहीत, असे जेरी म्हणत. त्यांनी मग प्रश्नच बदलला. हनोईच्या दक्षिणेला थान्ह होआ प्रांतातल्या चार गावांमध्ये महिला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तीन वर्षांखालच्या मुलांची वजने केली आणि त्या आकड्यांशेजारी घराची परिस्थिती मांडली. स्टर्निन यांनी विचारले, अगदी गरीब घरातले, तरीही अंगाने भरलेले असे एखादे मूल आहे का?

होते. एक नव्हे, अनेक.

आता त्या घरांत जाऊन पाहायचे एवढेच उरले. तिथल्या आया भातखाचरांतून चिमुकली कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी वेचून आणत आणि मुलाच्या भातात घालत. रताळ्याच्या वेलाचा पालाही घालत. हे सगळे गावात फुकट मिळत होते, पण लहान मुलांना ते चालत नाही अशी समजूत होती. शेजारची मुले दिवसातून दोनदा जेवत, तर या घरांतली मुले तेवढेच अन्न थोडे थोडे करून तीनचारदा खात. जुलाब लागले तरी त्यांचे खाणे बंद होत नसे आणि जेवण्याआधी हात धुतले जात. पावसाळा सुरू झाला की मुठे आणि चढणीचे मासे पकडायला खाचरांत उतरणाऱ्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. थान्ह होआतही त्या आयांना आपण काही विशेष करतो आहोत असे वाटत नव्हते, आणि म्हणूनच ते कोणी कोणाला सांगितलेही नव्हते.

त्यानंतरची पायरी अनेकदा विसरली जाते. स्टर्निन यांनी याची भित्तिपत्रके छापली नाहीत. कुपोषित मुलांच्या आयांना साधारण दोन आठवडे रोज एकत्र स्वयंपाकाला बोलावले आणि येताना प्रत्येकीने मूठभर कोळंबी, खेकडे आणि पाला स्वतः वेचून आणायचा अशी अट घातली. हात कामाला लागले, मूल खाताना दिसले, तराजूचा काटा हलला, आणि पटवून द्यायला भाषणाची गरज राहिली नाही. दोन वर्षांत या गावांतले कुपोषण मोठ्या प्रमाणावर घटले. काही वर्षांनी संशोधकांनी तिथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा कार्यक्रमानंतर जन्मलेली धाकटी भावंडेही तुलनेच्या गावांतल्या मुलांपेक्षा सुदृढ आढळली. अपवादाकडे पाहण्याच्या या पद्धतीला ‘पॉझिटिव्ह डेव्हियन्स’ असे नाव आहे. टफ्ट्स विद्यापीठातल्या मेरियन झाइटलिन यांनी ही कल्पना पोषणाच्या अभ्यासात मांडली होती, स्टर्निन यांनी ती गावात उतरवली.

सकारात्मक दृष्टी म्हटले की आपल्याकडे आरशासमोर उभे राहून ‘मी जिंकणारच’ म्हणणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. स्टर्निन यांची दृष्टी त्याहून फार वेगळी आणि कष्टाची होती. त्यांनी कुपोषण नाकारले नाही, उलट प्रत्येक मूल तराजूत घातले. त्यांचा आशावाद मनःस्थितीत नव्हता, कुठे पाहायचे या निवडीत होता. ‘मुले कुपोषित का?’ असे विचारले की नजर उणिवांकडे जाते आणि यादी लांबत राहते. ‘याच परिस्थितीत कोणाला जमले, आणि कसे?’ असे विचारले की नजर एखाद्या घराच्या चुलीपर्यंत पोचते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढचा पेच निराळा होता, पण तिथेही प्रश्नाच्या मांडणीनेच वाट काढली. 1986मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केल्यावर त्यांना गावोगाव बालमृत्यू दिसत होते. त्यात जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू सर्वांत अवघड होते. आजारी नवजात बाळाला रुग्णालयात न्यावे, हा वैद्यकशास्त्राचा सल्ला बिनचूक होता. मात्र रुग्णालय लांब होते, वाहन नव्हते, आणि बाळंतिणीने व बाळाने घराबाहेर पडायचे नाही ही रीत होती. बाळ रुग्णालयापर्यंत कसे न्यावे, याचे उत्तर त्या परिस्थितीत सापडेना. तेव्हा रुग्णालयात बाळासाठी जे केले जाते, त्यातले काय काय घरात करता येईल, असा शोध सुरू झाला.

बरेच काही करता येत होते. गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले. त्या बाळाचे वजन करू लागल्या, त्याला ऊब द्यायला आणि पाजायला आईला शिकवू लागल्या. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे, इथपर्यंत त्यांची तयारी झाली. शेवटच्या गोष्टीवर अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या, आणि ती शंका अवाजवी म्हणता येणार नाही. म्हणूनच 39 गावांत हे काम आणि शेजारच्या 47 गावांत तुलना, अशी मांडणी केली गेली. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, त्या गृहभेटींच्या कार्यक्रमामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे.

गावाच्या प्रश्नांबाबत जे खरे, ते एकट्या माणसाच्या ध्येयाबाबतही बरेचसे खरे आहे. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेली मुलगी पुण्यातल्या अभ्यासिकेत बसून ‘माझेच असे का होते?’ असे स्वतःला विचारते, तेव्हा तिला वाटते की आपण आत्मपरीक्षण करतो आहोत. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अशा घोळत राहणाऱ्या विचारांचा अनेक वर्षे अभ्यास केला. 1989च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःख हाताळण्याची त्यांची सवय नोंदवून ठेवली होती. आपल्या दुःखाची कारणे मनात घोळवत बसण्याची सवय ज्यांना होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. आधीची मनःस्थिती हिशोबात धरूनही हा फरक उरत होता.

मग त्या मुलीने यशाची स्वप्ने रंगवावीत का? इथे गॅब्रिएल ओएटिंगेन यांचे संशोधन सावध करते. 1991मध्ये त्यांनी थॉमस वॅडन यांच्यासह वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या 25 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा विश्वास असलेल्या स्त्रियांचे वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे 12 किलो जास्त उतरले. पण बारीक झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रे ज्या रंगवत होत्या, त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे 11 किलो कमी उतरले. विश्वास आणि दिवास्वप्न या दोन गोष्टी इतक्या उलट दिशांना नेतात, हे प्रेरणादायी भाषणांच्या बाजारात कोणी सांगत नाही आणि ते सांगितले गेले पाहिजे. मनाने यश आधीच उपभोगले की अंग सैल पडते. ओएटिंगेन यांनी पुढे सुचवलेली रीत अशी, की हवे ते डोळ्यांपुढे आणावे आणि लगेच आपल्या आतला कोणता अडथळा आड येतो आहे हे विचारावे. त्यांचे पती पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून त्याला तिसरी पायरी मिळाली, तो अडथळा आला की कधी, कुठे आणि काय करायचे? गोलवित्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत, 48 तासांच्या आत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून ठेवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत पाठवला. न ठरवलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले.

त्या मुलीसाठी मग प्रश्न असे होतात. गेल्या वर्षभरात कोणत्या आठवड्यांत अभ्यास चांगला झाला, आणि त्या आठवड्यांत वेगळे काय होते? दुपारी तीनला हात मोबाइलकडे जातो, तेव्हा मोबाइल कुठे ठेवलेला असेल? हे प्रश्न लहान वाटतात. पण त्यांची उत्तरे आजच्या दिवसात बसतात.

या विचारात एक गंभीर धोका आहे आणि तो टाळून चालणार नाही. गरीब घरातले एक मूल सुदृढ दिसले की ‘बघा, मनात आणले तर जमते’ असे म्हणत सरकार, मालक आणि समाज हात झटकू शकतात. खाचरातली कोळंबी हा रास्त मजुरीला पर्याय नाही. हे समजायलाही पुन्हा बंग यांच्याच कामाकडे जाता येते. 1980च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला 4 रुपये होती आणि तिला, मजुरीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या पागे समितीच्या हिशोबाचा आधार होता. अभय बंग यांनी शेतात राबणाऱ्या माणसाला खरोखर किती उष्मांक लागतात, त्याच्यावर किती जण अवलंबून असतात, हे तपासले. ती मजुरी 12 रुपयांच्या आसपास हवी असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले, आणि पुढे मजुरी वाढलीही. इथे मजुरांपैकी कोणाचे भागते असा शोध घेणे क्रूरपणाचे ठरले असते. हिशोब करणाऱ्यांनाच प्रश्न विचारणे आवश्यक होते.

म्हणजे प्रश्न कोणाला विचारला जातो आहे, याला तितकेच महत्त्व आहे. जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत उद्दिष्ट चुकलेल्या केंद्राला कारण विचारले जाते. अंगणवाडी सेविका कारण देते, ते नोंदवले जाते, पुढच्या महिन्यात तेच कारण पुन्हा लिहिले जाते. तशाच वस्तीत, तेवढ्याच तुटपुंज्या साधनांत ज्या सेविकेच्या केंद्रातली मुले वजनाने वाढत आहेत, तिला बैठकीत बोलायला किती वेळ मिळतो? तिच्या केंद्रावर इतर सेविकांना दोन दिवस बसवले, तिथला स्वयंपाक आणि गृहभेटी त्यांना पाहू दिल्या, आणि त्याच बैठकीत तिला अजून काय कमी पडते हे अधिकाऱ्यांनी विचारून घेतले, तर या कामाला नव्या योजनेची गरज लागणार नाही. तिथे जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दोन दिवसांचे मानधन मात्र सेविकांना मिळायला हवे, आणि त्याची तरतूद जिल्ह्यानेच करायची आहे.