नसलेल्या मितीचा हिशेब

लांबी, रुंदी आणि उंची यांच्यापलीकडची चौथी दिशा दाखवा म्हटलं, तर बोट कुठे करणार? तरीही त्या दिशेतलं पदार्थविज्ञान आज प्रयोगशाळेत तपासलं जातं, आणि तेही प्रकाश आणि काच एवढ्याच सामग्रीवर.

इलेक्ट्रॉनांच्या अतिपातळ, म्हणजे द्विमितीय थरात तीव्र चुंबकीय क्षेत्रात आडवा विद्युतरोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, हे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० साली पाहिलं. पदार्थातल्या अशुद्धीनंही या पायऱ्या ढळत नाहीत. या क्वांटम हॉल परिणामाचं चार मितींतलं रूप शौचेंग झांग आणि जिआंगपिंग हू यांनी २००१ मध्ये गणितानं मांडलं. पडताळायचं कुठे, हा प्रश्न मात्र उरलाच.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या मिकाएल रेख्ट्समन यांच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी वाट काढली. काचेच्या लांबट तुकड्यात त्यांनी लेझरनं प्रकाशासाठी अतिसूक्ष्म मार्ग कोरले. शेजारच्या मार्गात प्रकाश किती झिरपेल, हे दोघांमधल्या अंतरावर ठरतं. ते अंतर काचेच्या लांबीभर ठरावीक नियमानं कमीजास्त केलं. प्रकाशाचा काचेतला प्रवास समीकरणातल्या काळाच्या जागी आला. मार्गांच्या मांडणीतल्या आडव्या आणि उभ्या दिशा या पहिल्या दोन मिती; त्या दिशांमधल्या बदलांचा टप्पा ठरवणाऱ्या दोन राशी उरलेल्या दोन मितींच्या जागी. मग एका कडेला सोडलेला प्रकाश समोरच्या कडेला निघाला, कोपऱ्यात सोडलेला समोरच्या कोपऱ्यात. चार मितींच्या गणिताचं भाकीत हेच होतं.

यातून मितीकडे पाहण्याची नजर बदलते. मिती म्हणजे मोकळी जागा, ही आपली सवयीची समजूत. समीकरणाला जागेशी देणंघेणं नसतं. एका स्थितीतून शेजारच्या स्थितीत जायच्या स्वतंत्र वाटा किती, एवढंच ते मोजतं. म्हणूनच स्टॅनफर्डमधल्या शानहुई फॅन यांच्या गटाला कड्यात फिरणाऱ्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या वारंवारितांपासूनही मिती उभी करता आली. तिथे प्रकाश जागा न बदलता एका वारंवारितेवरून दुसरीवर जातो.

मग हे सगळं कागदावरच का सोडवू नये? कारण कागदावर लेझरचा हात हलत नाही आणि काचेत दोष नसतो. खऱ्या वस्तूत या दोन्ही गोष्टी असतात. त्या असूनही नियम टिकला, यात प्रयोगाचं मोल आहे.

म्हणून ‘शास्त्रज्ञांना चौथी मिती सापडली’ असा मथळा दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. निसर्गाला चौथी अवकाशीय मिती आहे की नाही, याचं उत्तर ही काच देत नाही. तशी मिती असती तर एक नियम कसा चालला असता, एवढंच ती सांगते.