लीला, भय आणि संमती

मनोरंजन उद्यानात माणूस पैसे मोजून भीती विकत घेतो. बेंगळुरूहून मैसूरू रस्त्याने निघाले की बिडदीजवळ वंडरला उद्यान लागते. ते 2005 मध्ये सुरू झाले. तिथल्या ‘रिकॉइल’ या रोलर कोस्टरवर आधी पुढे तोंड करून कोलांट्या घ्यायच्या आणि मग तोच फेरा पाठमोरा करायचा. खाली उतरलेला माणूस पाय थरथरत असतानाच पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो. ही भीती हवीशी वाटते, कारण तिच्यामागे खात्री असते. गाडी सुटण्याआधी कर्मचारी प्रत्येक आसनाची पकड हाताने ओढून पाहतो आणि रोज सकाळी माणसांआधी रिकामी गाडी फिरवली जाते. थोडक्यात, घाबरायचे ते जीव सुरक्षित ठेवून.

मार्च 2020 मध्ये ही खात्री संपली. कोरोनाचा देशातील पहिला मृत्यू कर्नाटकातच, कलबुर्गीत झाला आणि 14 मार्चपासून राज्यातील मॉल, चित्रपटगृहे व गर्दीची इतर ठिकाणे बंद झाली. केंद्र सरकारने मनोरंजन उद्यानांना 15 ऑक्टोबरपासून मुभा दिली. कर्नाटकात त्याच महिन्याच्या सुरुवातीला दिवसाला दहा हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. आकडे उतरल्यावर, नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या दिवसांत वंडरलाचे फाटक उघडले. नियम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे होते: फाटकावर ताप मोजणे, तोंडावर मास्क, माणसामाणसांत सहा फूट अंतर. पोहण्याचे तलाव बंद ठेवायचे होते आणि पाण्याच्या खेळांसाठी गाळणी व क्लोरीन यांची सक्ती होती. पासष्टीपुढचे वृद्ध, दहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि जुनाट आजार असलेले यांनी घरीच थांबावे, असा सल्ला होता. मुलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जागेने लहान मुलांनाच येऊ नका म्हणावे, हे विचित्रच.

पहिला प्रश्न असा की इतक्या अटींखाली खेळ हा खेळ उरतो का. डच इतिहासकार योहान हौझिंगा याने 1938 च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे लक्षण सांगताना नियमांना मध्यवर्ती स्थान दिले. खेळ म्हणजे नेहमीच्या जगण्यातून वेगळी काढलेली जागा आणि वेळ, आणि तिथे फक्त तिथलेच नियम चालतात. त्यामुळे जमिनीवर रंगवलेल्या सहा फुटांच्या गोलांनी खेळ मोडत नाही. लंगडीतही चौकट आखावीच लागते. फरक आहे तो नियमांच्या उगमात. लंगडीची चौकट खेळाने स्वतःसाठी आखलेली असते, तर सहा फुटांचा गोल बाहेरच्या जगाने आत पाठवलेला असतो. जे विसरायला माणूस आत येतो, त्याचीच आठवण तो गोल देत राहतो. रोजेर केय्वा या फ्रेंच विचारवंताने 1958 मध्ये खेळांचे चार प्रकार मांडले. त्यांतला एक घेरी येण्याच्या, तोल हरवण्याच्या आनंदाचा आहे. त्यासाठी क्षणभर सावधपणा सोडावा लागतो आणि महामारीतले नियम नेमका सावधपणाच मागतात. दोन्ही एका आसनावर बसवायचे, तर अडचण यंत्राची नसते, मनाची असते.

हौझिंगाने आखाडा, रंगमंच आणि देऊळ यांना एकाच पंक्तीला बसवले आहे, कारण तिन्ही वेगळ्या काढलेल्या जागा आहेत. भाविकाला हे पटणार नाही, पण 2020 सालच्या सरकारी आदेशांनी सगळ्यांवर जवळपास तीच कलमे लावली. कर्नाटकातील देवळे 8 जूनपासून उघडली, मात्र तीर्थप्रसादाविना. महाराष्ट्रात ती 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली, म्हणजे बिडदीचे उद्यान सुरू झाले त्याच सुमारास. आधी बार आणि मागून मंदिरे का, यावरून राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्यात पत्रापत्रीही झाली होती. त्या वादात एक गोष्ट मागे पडली: मराठी भक्तीत देव आणि खेळ एकमेकांना परके नाहीत. वारीत रिंगण होते, वारकरी फुगड्या घालतात आणि पावलीही रंगते. त्या वर्षी संतांच्या पादुका आषाढी दशमीला एसटीने पंढरपूरला गेल्या. म्हणजे बंदीने भक्तीतला खेळही थांबवला होता.

भारतीय तत्त्वज्ञानात खेळाचा विचार सृष्टीपासूनच सुरू होतो. ज्याला काही कमी नाही त्या ईश्वराने जग का निर्माण केले? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचे उत्तर आहे: लीला म्हणून. शंकराचार्यांनी सर्व कामना पुरलेल्या राजाच्या विहाराचा आणि आपोआप चालणाऱ्या श्वासाचा दाखला दिला. मध्वाचार्य उडुपीचे, म्हणजे कर्नाटकातलेच. त्यांच्या मते आनंद अनावर झालेला माणूस जसा नाचतो, तशी ही लीला आहे. या कसोट्यांवर नोव्हेंबरातला पर्यटक उतरत नाही. तो आठ महिने घरात कोंडला गेला होता आणि उणिवेपोटी आला होता. मात्र त्याला कमी लेखायचे कारण नाही. माणसाचा खेळ बहुधा दुःखावरचा उताराच असतो, आणि घरात सुतक असताना पोरांना अंगणात खेळू देणारे शहाणपण आपल्याकडे जुने आहे.

सूत्रकारांची खरी ताकद मात्र पुढच्याच सूत्रात दिसते. जग लीला असेल, तर कोणी सुखात आणि कोणी यातनांत का? ईश्वर पक्षपाती आणि निर्दय आहे काय? लीलेचा शब्द निघताच हा आक्षेप ग्रंथाने स्वतःच उभा केला आहे. त्याचे उत्तर कर्माचे आहे: विषमता ज्याच्या त्याच्या कर्मावर अवलंबून असते, ईश्वराच्या लहरीवर नाही. संसर्गापुढे हे उत्तर तोकडे वाटते. एकाने मजेसाठी घेतलेला धोका दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो, आणि त्या दुसऱ्याने काय केले होते हे विचारायला जागाच राहत नाही. जन्मजन्मांतरीचा हिशोब आणून उत्तर पुरे करता येते, पण शेजाऱ्याला ते देणे अवघड आहे.

नैतिक पेच इथेच आहे. रोलर कोस्टरवर बसणारा स्वतःच्या जिवापुरती संमती देतो. विषाणूच्या बाबतीत तो घरच्या आजीच्या वतीनेही संमती देतो, आणि पकड तपासून मग ती पुसून काढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वतीनेही. पर्यटक संध्याकाळी निघून जातो. कर्मचारी दिवसभर अनोळखी माणसांच्या श्वासांत उभा असतो आणि त्याची संमती पगाराशी बांधलेली असते. उलट टोकाचे उदाहरण याच उद्यानाच्या संस्थापकाचे आहे: कोचौसेप चिट्टिलपिल्ली यांनी 2011 मध्ये आपले एक मूत्रपिंड एका अनोळखी ट्रकचालकाला दिले. तिथे धोका स्वतःचा होता आणि लाभ परक्याचा.

यावरून उद्यान उघडूच नये असे ठरत नाही. त्या पगारावर घर चालवणाऱ्याला बंद फाटकही धोक्याचेच असते. ठरते ते एवढेच, की अशा काळातील नियमांचे समर्थन पर्यटकाच्या सुरक्षेवरून करणे अपुरे आहे. मास्क हा प्रामुख्याने दुसऱ्यासाठी असतो, आणि ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. वृद्धांना घरी थांबायला सांगणारा सल्लाही अर्धाच आहे, कारण उद्यानातून परतणारा नातू त्याच घरी जेवायला बसतो. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली तेव्हा कर्नाटक सरकारने मनोरंजन उद्याने पुन्हा बंद केली. त्या वेळी बेंगळुरूत वाद खेळाच्या हक्काचा उरला नव्हता. शोध खाटांचा आणि प्राणवायूचा चालला होता.