धर्मकीर्तीच्या कसोटीवर वाइन

लिनक्सच्या मशीनवर विंडोजसाठी लिहिलेला हिशेबाचा एखादा जुना प्रोग्रॅम सुरू होतो. तो सी ड्राइव्ह मागतो, त्याला ती मिळते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, नोंद करू पाहतो, नोंद होते. फाइल सेव्ह करतो, ती सेव्ह होते. मशीनवर विंडोज मात्र औषधालाही नसतं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या वाइन या मुक्त सॉफ्टवेअरचं हे काम.

मग त्या प्रोग्रॅमला भेटलेलं विंडोज खरं की आभास?

आत डोकावलं तर आभासच म्हणावंसं वाटतं. ती सी ड्राइव्ह म्हणजे होम फोल्डरच्या पोटातला एक साधा फोल्डर. रजिस्ट्री म्हणजे मजकुराच्या काही फाइली. विंडोज फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद मानत नाही, लिनक्स काटेकोरपणे मानतं. त्यामुळे नाव जसंच्या तसं सापडलं नाही, तर वाइन अख्खा फोल्डर चाळून हवी ती फाइल हुडकून देतं. प्रोग्रॅमला या खटाटोपाचा पत्ताही नसतो. अद्वैती इथे दोरीवर भासणाऱ्या सापाची आठवण देईल: आधार एकाचा, प्रतीती दुसऱ्याचीच.

पण हा दृष्टांत इथे तोकडा पडतो. दिवा आणला की साप उरत नाही. वाइन बंद केलं तरी सेव्ह केलेली फाइल डिस्कवर राहते आणि दुसरीकडच्या अस्सल विंडोजमध्येही उघडते. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने सत्तेची कसोटी ‘अर्थक्रिया’ ही मानली. जे कार्य घडवू शकतं ते सत्. या कसोटीवर वाइनने उभं केलेलं विंडोज आभासाच्या खात्यात टाकता येत नाही.

वाइन घडवण्याची रीतही हेच सांगते. मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड पाहून लिहायला तिथे सक्त मनाई आहे. विकसक छोट्या छोट्या चाचण्या लिहितात, त्या खऱ्या विंडोजवर चालवतात आणि जे उत्तर येईल तेच वाइनकडून यावं म्हणून झटतात. चुकीच्या मागणीला विंडोज जो एरर कोड देतं, तोही हुबेहूब यावा लागतो, कारण कुठला तरी प्रोग्रॅम त्याच कोडवर विसंबलेला असतो. अंतरंग न पाहता केवळ वागण्यावरून मिळवलेलं हे ज्ञान इतकं कष्टाचं की १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. याच पायावर व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले.

प्रतिपक्षाकडेही एक जोरदार दाखला आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने उलट दिशेचा प्रयोग केला: लिनक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालावेत म्हणून त्यांच्या सिस्टिम कॉलना, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्यांना, विंडोजच उत्तरं देऊ लागलं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत तो मार्ग सोडून व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्सचा खराखुरा गाभा, म्हणजे कर्नलच, बसवला गेला. वागण्याची नक्कल हरली, मूळ द्रव्य जिंकलं, असं यावरून वाटेल. पण कारणं पाहावीत. काही सिस्टिम कॉलना उत्तर मिळत नव्हतं, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं इंजिन तिथे चालत नव्हतं, फाइलींची कामं रेंगाळत होती. म्हणजे कार्य अपुरं पडलं म्हणून द्रव्य आणावं लागलं. हा निकालही धर्मकीर्तीच्याच बाजूने जातो.