छातीवरचा बिल्ला

बिल्ला माणसाला वाचवत नाही. मित्रांनो, हे आधी डोक्यात घट्ट बसवा, मग पुढचं बोलू.

आपल्या आगरपासून दक्षिणेला, याच किनाऱ्यावर, तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून उभं आहे. अशा केंद्रात किरणोत्साराच्या भागात पाऊल टाकणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला लावतात. बघणाऱ्याला वाटतं, ताईत आहे. ताईत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या तीन चकत्या. कॅल्शियम सल्फेटच्या, त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश. किरण आला की त्याची थोडी ताकद चकती धरून ठेवते. मुदत भरली की बिल्ला प्रयोगशाळेत जातो. तिथं चकती तापवतात, धरलेली ताकद उजेड होऊन बाहेर पडते, आणि तो उजेड मोजून सांगतात, या माणसाने एवढा डोस खाल्ला. किरण एकही अडवला जात नाही. नुसती साक्ष ठेवली जाते.

आणि एकदा तापवली की चकती कोरी. पुढच्या मुदतीला पुन्हा तयार. माणसाचं हाड असं तापवून कोरं करता येत नाही.

मग ही साक्ष कोणाच्या बाजूची?

नियम आहे. पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. मी त्याची टिंगल करणार नाही. पण हा आकडा एका माणसाचा हिशेब धरतो, कामाचा नाही. समजा एक गळकी नळी बदलायची आहे आणि त्या जागी सगळा मिळून २०० मिलिसिव्हर्ट डोस जाणार आहे. पैसा खर्च करून आधी जागा धुता येते, शिशाचा आडोसा करता येतो, लांबून चालणारं यंत्र आणता येतं. नियमही म्हणतो, डोस शक्य तेवढा कमी ठेवा. पण दुसरा रस्ता स्वस्त आहे. दहा माणसांत वाटला तर प्रत्येकी २०, चाळिसांत वाटला तर प्रत्येकी ५. चाळीसच्या चाळीस बिल्ले नियमात. कागद स्वच्छ. आता शास्त्रच असं धरून चालतं की डोस कितीही लहान झाला तरी धोका शून्य होत नाही. म्हणजे वाटून विष संपलं नाही. इतकं पातळ झालं की उद्या चाळिसांतल्या एकाला कॅन्सर झाला तर कोणावर बोट ठेवणार?

आणि ही चाळीस माणसं कोण असतात? इंजिनियर नसतात. ठेकेदाराचे रोजावरचे गडी असतात. त्यांना बिल्ला वेगळाच दिसतो. आकडा भरला की काम बंद, काम बंद की रोज बंद. जपानमध्ये फुकुशिमाला २०११ च्या अपघातानंतर एका पोटठेकेदाराने मजुरांना डोसमापकावर शिशाचं झाकण घालायला लावलं. २०१२ साली ते उघडकीला आलं. यंत्र झाकलेलं, माणूस उघडा.

कोणी म्हणेल, मजुरांनीही ते मान्य केलंच ना. पोट की हाड, एक निवड, असं ज्याला सांगितलं, त्याच्या होकाराला मी संमती म्हणत नाही. नाही म्हटलं तरी ज्याची चूल पेटते, त्याच्याच होकाराला अर्थ आहे.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांना साचेखात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आपल्या थुंकीचा विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. सगळे कामगार एक म्हणता, मग कुठल्या खात्यात कोण आहे ते सांगा. आज तोच सवाल डोसाचा. केंद्राची सरासरी आम्हाला सांगू नका. कायम कामगाराचा आकडा वेगळा काढा, ठेकेदाराच्या मजुराचा वेगळा काढा.

बिल्ला फेकून द्या असं मी म्हणत नाही. गिरणीत कापसाची भुकटी रोज आमच्या छातीत जाते, ती मोजणारा बिल्ला आम्हाला कोणी दिलेला नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर मला या बिल्ल्याचा हेवाच वाटतो. तो मागा. त्याचा आकडा मराठीत, लेखी, स्वतःच्या हातात मागा. ठेकेदार बदलला तरी आकडा माणसाबरोबर चालला पाहिजे.

तरी बिल्ल्याला दिसत नाही असंही पुष्कळ असतं. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमचं पाणी मिसळलेलं निघालं. पन्नासच्या वर कामगारांच्या पोटात ते गेलं होतं. ट्रिटियमचा किरण इतका दुबळा की कातडीच्या बाहेर येत नाही, छातीवरच्या चकतीला पत्ता लागत नाही. लघवी तपासली तेव्हा कळलं.

आणि ज्यांना बिल्लाच नाही ते? २०१० साली दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, एक मजूर मेला, बाकीचे दवाखान्यात. त्यांनी किती डोस खाल्ला ते शोधायला डॉक्टरांना त्यांचं रक्त तपासावं लागलं.