तिसऱ्या वर्गाचा जीर्णोद्धार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आईल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या रेल्वेच्या वाट्याला नवे डबे क्वचितच आले. मुख्य भूमीवरच्या कंपन्यांनी वापरून टाकलेले डबे बेटावर यायचे, आणखी काही दशकं धावायचे आणि मोडीत निघायचे. चाकं आणि खालचा सांगाडा भंगारात जाई, वरची लाकडी पेटी मात्र थोडक्या पैशांत विकली जाई. ती नेऊन कुणी समुद्रकाठी सुट्टीचं घर थाटी, तर कुणी बागेत अडगळीची खोली करी. काहींनी तर पेटीवर उतरतं छप्पर चढवून तिचा अख्खा बंगलाच केला. या छपरांमुळेच त्या पेट्या पावसापासून वाचल्या.

१९६६ मध्ये बेटावरचा बहुतेक लोहमार्ग बंद झाला. तो वाचवायला हौशी माणसं पुढे आली आणि १९७१ पासून हेवनस्ट्रीट या छोट्या स्टेशनात त्यांनी बस्तान बसवलं. आज तिथल्या कारखान्यात त्या घरांचे पुन्हा डबे होतात. भिंतींवरचे कागदाचे थर खरवडले की खालून डब्याचा रंग दिसतो, त्याखाली त्याहून जुना रंग. पेटीला मूळचा सांगाडा नसतो, म्हणून पार्सल वाहणाऱ्या बऱ्याच नंतरच्या काळातल्या वाघिणींचे सांगाडे कापून, आखूड करून ती त्यांवर बसवली जाते. १८६४ साली बांधलेला डबासुद्धा तिथे असा रुळांवर परतला आहे.

आता या डब्याला जुना म्हणायचं की नवा? पेटी एका शतकातली, सांगाडा दुसऱ्या शतकातला, गाद्यांचं कापड आजचं. लाकडी डबा बहुतेकदा खालून कुजतो. खिडकीची काच खाली सरकते त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि तळाच्या तुळईवर साचून राहतं. सुतार तेवढाच कुजका भाग कापतो, चांगल्या लाकडाला तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडतो. पन्नास वर्षांनी दुसरा सुतार तेच करील. म्हणजे दर दुरुस्तीला ‘मूळ’ लाकूड थोडं कमी होतं. या हिशेबाने शेवटी उरतं काय, ही शंका रास्त आहे.

पण ही शंका घेणारा एक गोष्ट विसरतो. डबा नियमित धावत होता तेव्हाही त्याचं हेच होत होतं. ठरावीक काळाने तो कारखान्यात जाई. फळ्या बदलत, चाकं बदलत, तेलाच्या दिव्यांच्या जागी गॅसचे आणि मग विजेचे दिवे येत. न बदललेला डबा कधी अस्तित्वातच नव्हता. बदलत राहणं हा त्याच्या जगण्याचाच भाग होता, कारखान्यातला सुतार तो पुढे चालवतो इतकंच.

जीर्णोद्धाराची कल्पना आपल्याला परकी नाही. शिखर नव्याने बांधलं, सभामंडप वाढवला म्हणून देऊळ नवं झालं असं आपण मानत नाही, कारण तिथली पूजा अखंड चालू असते. पण याच कल्पनेची दुसरी बाजूही आपण रोज पाहतो. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसतात आणि शिलालेख चुन्याखाली गडप होतो. तिथे भक्ती असते, पैसाही असतो. दगडाची जाण आणि काय बदललं याची नोंद, एवढंच नसतं. चांगली डागडुजी आणि नासाडी यांच्यात फरक करतात त्या याच दोन गोष्टी. कुठला तुकडा कधी आणि का बदलला हे लिहून ठेवलं असेल, तर पुढचा माणूस आपली चूक दुरुस्त करू शकतो. नोंद नसलेला सुंदर डबा हा एक सुंदर बनाव ठरतो.

नोंद आणखी एका कारणासाठी हवी. डबा कोणत्या सालचा दाखवायचा, हा निर्णय कारखान्याला घ्यावाच लागतो. तो बांधला तेव्हाचा, की दुसऱ्या कंपनीने नव्या रंगात रंगवला तेव्हाचा? एक साल निवडलं की बाकीची पुसली जातात. ज्या कुटुंबाने त्या पेटीत अनेक उन्हाळे काढले, त्यांचा काळ तर भिंतीवरच्या कागदाबरोबर कचऱ्यात जातो. हे टाळता येत नाही, पण कबूल करता येतं.

जुनी वस्तू वापरली की झिजते, म्हणून ती काचेआड ठेवावी, असं म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. यॉर्कच्या संग्रहालयातला व्हिक्टोरिया राणीचा १८६९ चा सलून, म्हणजे खास शाही डबा, कुणी रुळांवर आणू नये. तिथलं रेशीम आणि लाकूडकाम एकदाच होतं, गेलं की गेलं. मात्र यातून निघणारी गंमत ध्यानात घ्यावी. राणीचा डबा मानाचा म्हणून उभाच आहे. ज्यांना कुणी मान दिला नाही, जे कोंबड्यांची खुराडी होण्याच्या लायकीचे ठरले, ते साधे डबे आज लेकराबाळांना घेऊन धावताहेत. त्यांच्या निमित्ताने तिरका सांधा देणारे, गाद्या भरणारे, ब्रशने सोनेरी रेघ ओढणारे हात घडत राहिले. काचेआडचा डबा लाकूड जपतो. धावता डबा कसब जपतो.

आपल्याकडचं चित्र पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा, बडोद्याच्या गायकवाडांचा आणि म्हैसूरच्या महाराजांचा असे सलून आहेत. ते असायलाच हवेत. पण हा देश हिंडला तो तिसऱ्या वर्गातून. गांधीजींनी त्या प्रवासाच्या हालांवर १९१७ साली स्वतंत्र लेखन केलं. १९७४ मध्ये तो वर्ग कागदोपत्री संपला आणि त्याचे बाकही नजरेआड झाले. पुण्या-मुंबईच्या लाडक्या दख्खनच्या राणीचंच घ्या. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि वरच्या पेट्या आपल्या माटुंगा कारखान्यात बांधल्या होत्या. डब्यांचा एक संच रुपेरी, दुसरा निळा. तिसऱ्या वर्गाला तिच्यात जागा मिळाली ती १९५५ मध्ये आणि १९६६ मध्ये ते जुने डबे बदललेही गेले. दरवर्षी १ जूनला आपण तिचा वाढदिवस हौसेने साजरा करतो. माटुंग्याच्या ज्या कारागिरांनी त्या पेट्या उभ्या केल्या, त्यांच्या हातांची आठवण त्यात अभावानेच निघते.

हा लेख गेलेल्या डब्यांवर उसासे टाकण्यासाठी नाही, आज जाऊ लागलेल्या डब्यांसाठी आहे. चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे डबे कारखान्याने १९५५ पासून बांधलेल्या जुन्या घडणीच्या डब्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आणि ते डबे आता एकेक करून मोडीत निघत आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेला, नोकरीला, लग्नाला, पंढरपूरला जो प्रवास केला तो त्यांतूनच. आज ते स्वस्त आहेत, मुबलक आहेत, म्हणून कुणाला त्यांची किंमत वाटत नाही. त्यांची बांधणी आणि दुरुस्ती ज्यांच्या हातून झाली, ती माणसं अजून आपल्यात आहेत. रेल्वेने एक साधा, बिनवातानुकूल शयनयान डबा त्याच्या गजांच्या खिडक्यांसह, साखळीसह आणि दुरुस्तीच्या कागदांसह आताच बाजूला काढावा आणि निवृत्त कारागिरांच्या हाताखाली चार तरुणांना तो चालता ठेवायला शिकवावं. पन्नास वर्षांनी हे करायचं तर सांगाडा शोधावा लागेल आणि शिकवणारं कुणी नसेल.